नव्या विहिरीचं वरण

१२ डिसेंबर १९३७, रविवार

हुरडा खाऊन आलो. कमिटीच्या कागदात मात्र ह्याला 'जागेची पाहणी' म्हणतील.

अकोल्याबाहेर, अकोटच्या रस्त्याला खुशालरावांचं शेत आहे. तिथं मोरोपंत वकिलांच्या सोसायटीला चाळीस घरांची वसाहत बांधायची आहे. म्युनिसिपालिटीनं मंजुरी दिली की काम सुरू. म्हणून आम्ही सगळे सभासद बैलांच्या दमण्यांत बसून गेलो. पाहायचं होतं काय — रस्ता, उतार, नाला, पाणी. पाहिलं काय — आगटी! गोवऱ्यांवर कणसं भाजली जात होती, घोंगड्या अंथरलेल्या, तिळाची चटणी, दही, गूळ. अध्यक्ष उत्तमराव बसले ते उठलेच नाहीत. ओव्हरसियरनं बसल्या बसल्या बोटानं चारी दिशा दाखवल्या. झाली पाहणी.

कमिटीत मी एकटी बाई. सरकारनं नेमलेली. देव्हाऱ्यातल्या समईसारखी — असावी, पण बोलू नये. त्या घोळक्यात हुरडा चोळत बसायला मला अवघड वाटलं, म्हणून खुशालरावांच्या बायकोकडे, पार्वताबाईंकडे, झोपडीत जाऊन बसले. तिथं दोन माठ होते. एकातलं पाणी तिनं मला प्यायला दिलं, दुसऱ्यातलं हात धुवायला. मी विचारलं, दोन कशाला?

"हे पियाचं हाय, ते वापराचं. पियाचं गावातून आनतो ना बाई, गाडीवर."

"आणि ही एवढी नवी बांधलेली विहीर?"

"आता बरं हाय. वरचं पावसाचं हाय ना. उन्हाळ्यात पाहा तुमी." एवढं बोलून तिनं बाहेर नवऱ्याकडे बघितलं आणि चुलीतलं लाकूड सारायला लागली.

निघताना मी त्या विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन प्यायले. मचूळ. अगदी थोडं, पण मचूळ. मी तेल्हाऱ्याकडची, खारपाणपट्ट्यात वाढलेली. आमच्याकडे जमिनीतच मीठ, कुठंही विहीर खणा, पाणी खारंच लागतं. ती चव मला कोणी शिकवायला नको.

१३ डिसेंबर

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "हं."

नकाशा पुढ्यात होता. हल्ली शाळेतून आले की तोच उलगडून बसतात. सोसायटीत ह्यांचंही नाव आहे, कोपऱ्यावरचा प्लॉट आहे. पट्टी-पेन्सिल घेऊन त्या एवढ्याशा चौकोनात ओसरी काढतात, खोडतात, पुन्हा काढतात. लग्न झाल्यापासून आम्ही माणिकबाईंच्या माडीवर भाड्यानं राहतो. भिंतीत खिळा ठोकायचा तर खाली जाऊन विचारावं लागतं. जूनमध्ये हे शाळेतून निवृत्त होतील. मग दिवसभर ह्या दोन खोल्यांत करायचं काय, ही धास्ती त्यांना आहे. बोलत नाहीत, पण मला कळतं.

आणि सिंधूचं आहेच. मोरोपंतांचा नारायण, नागपूरला वकिली शिकायला आहे तो, त्यानं तिला पसंत केलंय. पत्रिका जुळल्या. माघात साखरपुडा. त्याचं नाव निघालं की ही उठून उगाच पाणी आणायला जाते. माठ भरलेला असतो.

म्हणजे त्या पाण्याबद्दल मी तोंड उघडलं तर नवऱ्याचं घरही जातं आणि मुलीचं स्थळही. छान गुंतली आहेस, गोदावरीबाई.

१६ डिसेंबर, गुरुवार

आज मीटिंग. ओव्हरसियरचा रिपोर्ट वाचला गेला. "पाणी मुबलक." मी विचारलं, मुबलक आहे ते दिसलं, पण गोड आहे का? सगळे माझ्याकडे असे वळले जणू टेबलच बोललं.

मोरोपंत सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून समोर बसलेले. हसून म्हणाले, "बाईंना शंका असेल तर आत्ता पाणी मागवू." मागवलं. एक लोटा आणि ही सगळी मंडळी! उत्तमरावांनी घोट घेतला, म्हणाले गोड. दुसरे म्हणाले बरं आहे. तिसऱ्यांनी आधी इकडे-तिकडे पाहिलं, मग गिळलं, मग म्हणाले चालेल. खुशालराव दारात उभे होते. ते म्हणाले, "पाणी जरा भारी हाय साहेब, पन खारं नाही. खारं असतं तर बैलानं तोंड लावलं असतं काय?"

माझी पाळी आली. मी म्हणाले मचूळ आहे, उन्हाळ्यात तोंडात धरवणार नाही.

मोरोपंत आवाज न चढवता म्हणाले, "बाईंच्याच यजमानांनी तिथं प्लॉट घेतलाय. वामनराव मास्तरांसारखा माणूस डोळे मिटून जागा घेईल का?" सगळे हसले. मला कानापर्यंत गरम झालं. ठराव पुढच्या, वीस जानेवारीच्या मीटिंगला ढकलला, एवढंच पदरात पडलं.

१७ डिसेंबर

हे जेवले आणि हात पुसून पुन्हा नकाशा उघडून बसले.

१९ डिसेंबर, रविवार

मोरोपंत घरी आले. मीटिंगमध्ये 'बाई' म्हणतात, घरी 'विहीणबाई'. चहा घेतला, सिंधूला अभ्यासाचं विचारलं, ती लाजून आत पळाली. मग माझ्याकडे वळले.

"विहीणबाई, तुम्ही हुशार आहात, मला आनंदच आहे. पण बघा, मुलीच्या आईनं मुलाच्या बापाला चारचौघांत खोटं पाडलं, असं गावात बोललं जाईल. मला त्याचं काही नाही हो. आमच्या घरात मोठी माणसं आहेत, त्यांना कसं समजवायचं?"

साखर घातल्यासारखा आवाज. धमकी होती, पण धमकी म्हणून दाखवता येणार नाही अशी. मी म्हटलं, "मी तुम्हाला खोटं पाडत नाही. पाणी खारं आहे म्हणते." ते म्हणाले, "तेच ते." आणि टोपी घालून निघाले.

हे सगळं होईपर्यंत ह्यांनी नकाशावरून मान वर केली नाही. ते गेल्यावर मी फाडफाड बोलले. काहून तुम्ही एक शब्द बोलला नाहीत म्हणून. हे म्हणाले, "काय बोलू? तुझंही खरं आहे, त्यांचंही." गणिताचा मास्तर म्हणे! दोन उत्तरं खरी असलेलं गणित मला अजून कोणी दाखवलं नाही.

२ जानेवारी १९३८

सकाळी आईची आठवण येत होती. तेल्हाऱ्याला आमच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजायची नाही. कितीही जाळ घाला, दाणे तसेच टणक, वरण म्हणजे पिवळं पाणी आणि खाली खडे. वरणासाठी लांबून गोड्या विहिरीचं पाणी आणायचं, बायकांनी डोक्यावर. पोरी असताना आमची मान त्यातच वाकडी झाली. आणि अवेळी पाहुणा आला, गोडं पाणी संपलेलं असलं, की आई गुपचूप चिमूटभर पापडखार टाकायची. डाळ विरघळून जायची. चव जरा बुळबुळीत, पण पाहुणा कुठं विचारतो. ह्यांना मात्र पहिल्याच दिवाळसणाला कळलं होतं. परत येताना गाडीत मला म्हणाले, आणि सासूला जन्मात बोलले नाहीत. तेव्हा वाटलं होतं, चांगला नवरा मिळाला.

त्या चाळीस घरांतल्या बायका डोक्यावर घागरी घेऊन अकोटच्या रस्त्यानं गावात येतील. आमच्यासारख्या. म्युनिसिपालिटीच्या मंजुरीनं.

१४ जानेवारी, संक्रांत

मोरोपंतांकडून तिळगूळ आला. नारायणाच्या आईनं सिंधूसाठी हलव्याचे दागिने पाठवले. सिंधूनं घालून पाहिले. आरशासमोर किती वेळ उभी होती. मग काढून ठेवताना म्हणाली, "आई, तू वीस तारखेला काय बोलणार आहेस?"

मी म्हटलं, "काय बोलू?"

"मला काय विचारतेस," म्हणाली. तोंड फिरवून.

हळदीकुंकवाला गेले होते तिथं बायका माझ्याशी बोलता बोलता थांबत होत्या. एक तर तोंडावर म्हणाली, "गोदूबाई, पाण्यापायी पोरीचं लग्न मोडू नका." लुटायला नेलेली वाणं तशीच अर्धी घेऊन परत आले.

२० जानेवारी, गुरुवार

आज मी जे बोलले ते आधी ठरवलेलं नव्हतं. पुन्हा तोच लोटा, तेच घोट, तेच "गोड आहे". मला चीड आली. मी उभी राहून म्हटलं — जिभा आपल्या प्रत्येकाच्या वेगळ्या, आणि कोणाच्या जिभेला काय हवं ते आपल्याला ठाऊक आहे. डाळीला कोणाचं काही देणं नाही. त्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजवा, सगळ्यांसमोर. शिजली तर ठरावाला अनुमोदन मी स्वतः देईन. नाही शिजली तर वसाहत तिथं नको.

आधी हसले. उत्तमराव म्हणाले, म्युनिसिपालिटी आहे की खाणावळ! पण खुशालराव दारातून म्हणाले, "शिजवा ना. पाहून घ्या. मले काय भेव नाही." त्यांना खरंच वाटत असावं की शिजेल. तिथं ते कधी जेवत नाहीत, डाळ तर त्यांच्या घरी पार्वताबाई गावच्या पाण्यात लावतात.

मग भांडण सुरू झालं, ते डाळीवरून. मोरोपंत म्हणाले, डाळ जुनी निघाली तर कुठल्याच पाण्यात शिजत नाही. मी म्हटलं, मग दोन भांडी ठेवा, एकाच डाळीची. एकात गावातल्या विहिरीचं पाणी, एकात त्या विहिरीचं. त्यावर कोणी विचारलं, डाळ धुवायची कुठल्या पाण्यानं? पंधरा शहाणी माणसं ह्यावर किती वेळ बोलली! शेवटी ठरलं, घरूनच धुऊन, वाळवून आणायची. कोणाच्या घरून?

मोरोपंत म्हणाले, "वामनराव मास्तरांच्या. मापून दोन सारख्या पुरचुंड्या त्यांनीच बांधाव्यात. अख्ख्या अकोल्याचा त्यांच्या मापावर विश्वास आहे." आहेच. सख्ख्या भाच्याला नापास केलेला माणूस. कोणी हरकत घेतली नाही, मीही नाही.

"आणि चुलीशी सिंधूला बसवा," मोरोपंत म्हणाले. "ती ह्यांची मुलगी, उद्या आमची सून. दोन्ही पक्षांची." सगळ्यांनी माना डोलावल्या. पोरीला मध्ये घातली. पण नाही कशी म्हणू? म्हटलं असतं तर माझाच डाव दिसला असता.

२१ जानेवारी

सिंधूला सांगितलं. "बरं," म्हणाली.

२९ जानेवारी, शनिवार

मोरोपंतांकडून निरोप — साखरपुड्याची तारीख आत्ताच ठरवायला नको, डाळीचा सोक्षमोक्ष झाल्यावर बघू. 'डाळीचा' असंच लिहिलंय, गंमत म्हणून. मला काही गंमत वाटली नाही. सिंधूनं वाचलं आणि माझ्याकडे न बघता पुन्हा घडी घालून ठेवलं.

मागे हटावं का? रोज सकाळी वाटतं हटावं. मग आंघोळीला बसले की तेल्हाऱ्याचं आठवतं, आईच्या डोक्यावर चुंबळीनं पडलेला टकलाचा चट्टा. आणि ती सिंधू उद्या तिथंच राहायला जाणार. मोरोपंतांनी नारायणासाठीही तिथं प्लॉट ठेवलाय. सिंधूच्याच डोक्यावरचा भार मी थांबवू बघतेय आणि तिलाच सांगता येत नाही.

५ फेब्रुवारी, शनिवार

उद्या.

ह्यांनी काल डाळ निवडली, धुतली, गच्चीवर पंचा अंथरून वाळवली. कावळे हाकलायला तिथंच बसून राहिले. आज मापून दोन पुरचुंड्या केल्या. गावच्या पाण्याच्या पुरचुंडीला पांढरा दोरा, त्या विहिरीच्या पुरचुंडीला लाल. दोन्हीवर नाव घातलं. मी म्हटलं, इतकं कशाला, एकच तर डाळ आहे. म्हणाले, "घोळ नको." इतक्या काळजीनं त्यांनी वर्गातले पेपरही बांधले नसतील. मला बरं वाटलं. निदान काम तरी चोख करतायत.

६ फेब्रुवारी, रविवार

आल्या आल्या लिहायला बसले.

म्युनिसिपालिटीच्या आवारात दोन चुली मांडल्या होत्या. सगळी कमिटी खुर्च्यांवर. कुंपणापलीकडे माणसांची गर्दी. दोन्ही विहिरींचं पाणी आमच्या सगळ्यांसमोर आलं, सगळ्यांसमोर मापलं. पितळी भांडी आमच्या घरची. सिंधू नऊवारी नेसून चुलीशी बसली. तिनं पुरचुंड्या सोडल्या, डाळ टाकली. मी लांब, खुर्चीत. मला तिच्याजवळ जायची मनाई, मोरोपंतांनाही.

उकळी आली. लाल दोऱ्याच्या भांड्याला फेस जास्त येत होता. मी म्हटलं मनात — बघा, खारं पाणी. सिंधू फेस काढत होती. बराच वेळ गेला. उत्तमराव जांभया देत होते. मोरोपंत पायावर पाय टाकून, पण वरचा पाय सारखा हलत होता. खुशालराव उभेच.

मग उत्तमरावांनी उठून पळीनं दोन्हीतली डाळ काढली, बोटांत दाबली. गावच्या पाण्याची — मऊ. त्या विहिरीची — मऊ. उलट जास्तच मऊ, पार विरघळलेली. कुंपणापलीकडून कोणी टाळी वाजवली. खुशालराव म्हणाले, "म्या म्हनलं होतं ना." आणि खाली बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तो माणूस खोटा नाही.

उत्तमराव म्हणाले, "बाई, तुम्हीही पाहा." मी गेले. द्रोणात घेतली. तोंडात घातली.

बुळबुळीत. जिभेवरून साबणासारखी घसरली. तेल्हाऱ्याच्या पाहुण्यांची डाळ. पापडखार!

मी सिंधूकडे बघितलं. तिच्या हातातही द्रोण होता. तिनं माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घातली. तिथंच मला कळलं. आजोळी राहिलेली पोर, आजीच्या मागे मागे चुलीशी असायची. हिनं टाकलं. नारायणासाठी.

ओठांवर आलं होतं — ह्यात पापडखार आहे. एवढं बोलायचं की माझी पोर सगळ्या गावासमोर लबाड ठरणार होती, चुलीशी तिच्याशिवाय कोणी नव्हतंच. लग्न तर मोडलंच असतं, पुढं दुसरं कोणी तिला विचारलंही नसतं.

मी म्हटलं, "शिजली आहे."

७ फेब्रुवारी

सिंधू माझ्याशी बोलत नाही. मी तिच्याशी बोलत नाही. दोघी स्वयंपाक करतो.

९ फेब्रुवारी, बुधवार

मीटिंग. ठराव मोरोपंतांच्या बाजूच्या सभासदांनी मांडला. उत्तमराव माझ्याकडे वळले. शब्द दिला होता. उभी राहिले, अनुमोदन दिलं. आवाज माझा नव्हताच. सगळ्यांनी हात वर केले. उत्तमराव म्हणाले, बाई दिलदार आहेत, हार मानता येते त्यांना. सोमवारी कागद डेप्युटी कमिशनरांकडे सहीला जातील, एकदा सही झाली की मग कोणी काही करू शकत नाही.

बाहेर मोरोपंतांनी हात जोडले. "विहीणबाई, माघ संपायच्या आत साखरपुडा उरकू."

घरी आले तर हे ओसरी काढत होते. मला बघून नकाशा गुंडाळला. "दमलीस," म्हणाले, आणि स्वतः उठून पाणी दिलं. कधी देत नाहीत.

१२ फेब्रुवारी, शनिवार

उडदाचं पीठ आणलं होतं. साखरपुड्याला पापड लागतील म्हणून आज लाटायला बसलो. सिंधूनं डबा उघडला आणि म्हणाली, "पापडखार संपलाय. मोठा खडा होता ना?"

सहा दिवसांत तिचं माझ्याशी पहिलं वाक्य. मी भडकले. म्हटलं, "मला विचारतेस? तू त्या दिवशी वापरलास तो कोण आणून देणार?"

तिचा हात पिठात तसाच राहिला. "मी वापरला?"

"नाटक नको, सिंधू. मी चाखलीय ती डाळ."

"मीही चाखलीय," ती म्हणाली. "आई, मला वाटलं तू टाकलास. माझं लग्न मोडू नये म्हणून, आदल्या दिवशी डाळीत. मला तुझी इतकी लाज वाटली, इतका राग आला! साऱ्या गावासमोर उभी राहून बोललीस, मला वाटलं माझी आई बघा. आणि मग तूच... म्हणून बोलत नव्हते मी तुझ्याशी."

ती खरं बोलत होती. पोटच्या पोरीचं खोटं मला ओळखता येतं. त्या दिवशी ओळखता आलं नव्हतं, कारण त्या दिवशी ती खोटं बोललीच नव्हती.

मग आम्हा दोघींनाही एकदमच कळलं. दोघींनीही नाव घेतलं नाही. डाळ निवडली कोणी, धुतली कोणी, गच्चीवर बसून वाळवली कोणी. लाल दोरा कोणी बांधला.

बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "अगं, स्वयंपाकघर पूर्वेला ठेवू की उत्तरेला? तुला सकाळचं ऊन चालतं ना?"

सिंधू हळूच म्हणाली, "आई, माझ्या लग्नाचं बघू नको."

१३ फेब्रुवारी, रविवार

पार्वताबाईंकडून त्या विहिरीच्या पाण्याची एक घागर आणवली. त्यातच वरण लावलं, बाकी काही टाकलं नाही. सकाळपासून जाळ घातला. दुपारी ह्यांच्या पानात भात, त्यावर ते वरण. दाण्यांचा कडकड आवाज खोलीत येत होता. हे एकदाच माझ्याकडे बघून परत पानात बघायला लागले. एकूण एक दाणा चावून खाल्ला, ताक नको म्हणाले, हात धुतला. नकाशा गुंडाळला, कोपऱ्यात ठेवला. टोपी घातली.

"उत्तमरावांकडे जाऊन येतो. उद्या कागद जायच्या आत सांगायला हवं. तू येतेस?"

मी चपला घातल्या.